सापडलेला आणि आणलेला

ओग्न्यान एकदा अडखळला असता, तर क्रस्तानचं पुढचं वर्ष मार्गी लागलं असतं. हिशेब सरळ होता. बल्गेरियातल्या प्लोवदिव शहराच्या एका डबिंग स्टुडिओत पुरुषांचे आवाज दोन, पुढच्या मालिकेला हवा होता एकच. दिग्दर्शिका रुसालीनाबाईंनी सकाळीच सांगून टाकलं, "ज्याच्यापायी रेकॉर्डिंग थांबेल, त्यानं घरी बसायचं. भाऊबिऊ मी जाणत नाही."

"आम्ही भाऊ नाहीच," क्रस्तान म्हणाला.

खोटं नव्हतं. क्रस्तानच्या वडिलांनी दुसरं लग्न केलं, तेव्हा नव्या बाईचं बोट धरून त्याच्याहून धाकटा, सहा वर्षांचा ओग्न्यान घरात आला. बल्गेरियनमध्ये अशा दोघांना एकाच 'सावत्र'मध्ये कोंबत नाहीत. घरात आधीपासून असतो तो 'सापडलेला', आईबरोबर येतो तो 'आणलेला'. वडील गेल्यापासून अकरा वर्षं सापडलेला आणलेल्याशी बोलला नव्हता.

त्या दिवशी डब करायचा सिनेमाही नेमका सावत्र भावांच्या भांडणाचा, परदेशी. त्या भाषेत दोघांना शब्द एकच, म्हणून भाषांतरकाराची गफलत झाली. आणलेल्या धाकट्याच्या, म्हणजे ओग्न्यानच्या, तोंडी त्यानं 'मी सापडलेला' घातलं. क्रस्तानला ते सकाळीच दिसलं. तो गुपचूप कॉफी ढवळत बसला.

प्रसंग आला. बाप वारलाय, धाकटा दाराशी उभा. थोरल्याच्या आवाजात क्रस्तान गुरकावला, "कोण तू?"

ओग्न्यानची नजर कागदावर थबकली. आता अडखळणार! पण त्यानं मान वर केली आणि कागदावरची ओळ सोडूनच दिली.

"कोण म्हणून काय विचारतोस, दादा? मी आहे."

क्रस्तानच्या अंगावर काटा आला. 'दादा'च्या आधीचा तो अर्धा श्वास, 'मी आहे'शी खाली उतरणारा तो जड, उबदार सूर... वडिलांचा! तापानं फणफणलेल्या पोराच्या उशाशी बसून ते अस्सेच म्हणत. वडिलांचं नाक क्रस्तानला मिळालं, आडनाव मिळालं. आवाज मात्र रक्ताचा थेंबही नसलेल्या पोरानं नुसतं त्यांच्या पंगतीला बसून उचलला होता. गेलेला माणूस हातभर अंतरावरून बोलला होता.

पडद्यावर थोरल्याचे ओठ हलले. स्टुडिओत चकार शब्द नाही.

"थांबा!" काचेपलीकडून रुसालीनाबाई कडाडल्या. "क्रस्तान, वाचा बसली का रे?"

"माझी कीव केलीस?" ओग्न्याननं कुजबुजत विचारलं.

"तुझी? हट्! ऐकत होतो." मग घसा खाकरून, "परत म्हण ना."

त्यानं परत म्हटलं. मालिका त्यालाच मिळाली. वर्षाचं काम गेलं क्रस्तानचं, ओग्न्यानचं काहीच गेलं नाही. सगळी किंमत एकट्या थोरल्यानं मोजली, आणि कुरकुरला नाही.