दगडातली तुळसा

घरात कुणी रगड्यावर दोशाचं पीठ वाटायला बसलं, की मी अजूनही उठून परसात जाते. सुना हसतात, म्हातारीला आवाज सोसत नाही म्हणतात. म्हणू देत. त्यांना काय ठाऊक, की दगडावर दगड फिरताना जो ओला, जड, घशात दाबून धरलेल्या हुंदक्यासारखा नाद उठतो, त्या नादातून मला माझ्या येसोजीकाकांची पाठ दिसू लागते: खाली वाकलेली, घामाने निथळणारी, आणि खाली गोल गोल फिरणारे ते दोन हात. सुनांच्या दगडाखाली तांदूळ आणि उडीद असतात. काकांच्या दगडाखाली माझी अक्का होती.

येसोजीकाका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. आमचे पूर्वज तलवारी घेऊन म्हैसूरला आले आणि इथल्या राजांची चाकरी करता करता इथलेच होऊन गेले. वडीलही सरकारी पागेतच होते. काकांनी मात्र हाती घेतला तो खारीच्या केसांचा कुंचला. मराठ्याचं पोर आणि देवांना दागिने घालत बसतं, म्हणून लोक टिंगल करत. काकांच्या कानांवरून वारा जाई. कार्तिक सरून हेमंताचा कोवळा, मधासारखा उजेड चामुंडीच्या डोंगरावरून उतरू लागला, की ते बाहेरच्या खोलीचं दार सताड उघडत आणि चित्रातल्या देवीच्या मुकुटावर सोन्याचा वर्ख ठेवायला बसत. वर्ख इतका हलका, की समोरचा माणूस शिंकला तर उडून जाईल. म्हणून तो ठेवताना ते श्वास रोखून धरत. पुढे ती सवयच जडली. महत्त्वाचं काही बोलायचं असलं, की आधी त्यांचा श्वास थांबे. घरात सगळ्यांना ते कळायचं, आणि आम्ही पोरी खेळता खेळता गप्प व्हायचो.

नवा राजवाडा उभा राहत होता तेव्हाची ही गोष्ट. काका सुब्बण्णांच्या शिळाछापखान्यात लागले. तिथे चित्र कागदावर नाही, दगडावर काढायचं. गुळगुळीत, पिवळसर, उंबऱ्याएवढा जाड दगड. त्यावर तेलकट शाईने रेखाटायचं, आणि त्यावरून कागद दाबून काढायचे. पण कागदावर सगळं उलटं उतरतं. डावं ते उजवं, उजवं ते डावं. काकांनी पहिलाच गणपती काढला तो नेहमीसारखा, डाव्या सोंडेचा. छापून आला उजव्या सोंडेचा! त्याचं सोवळं किती कडक, हे सांगायला नकोच. सुब्बण्णांनी कपाळाला हात लावला आणि सगळे कागद देवळात नेऊन ठेवले. त्या दिवसापासून काकांच्या डाव्या अंगाला एक आरसा आला. कच्चं चित्र आरशासमोर ठेवायचं, आणि आरशात दिसेल ते दगडावर उतरवायचं. देव, राजे, हत्ती, सगळे आधी आरशात जाऊन मग दगडावर येत.

मग सुब्बण्णांच्या मनात आलं, की मुलांसाठी गाण्यांचं आणि गोष्टींचं सचित्र पुस्तक काढावं. नमुन्यासाठी त्यांनी कुठून तरी जुनी विलायती पुस्तकं आणली. अय्यो, ती चित्रं! टोपडं घातलेली बदकीण, चाळणीत बसून समुद्रावर निघालेली माणसं, लाल गालांच्या पोरी, आणि त्यांच्यामागे काळी झाडं, ज्यांच्या सालीत डोळे होते. मुलं हसत होती आणि झाडं त्यांच्याकडे टक लावून बघत होती. मी ते पान उलटून ठेवत असे. काका पुन्हा सुलटं करत आणि बराच वेळ बघत राहत. "मुलांच्या चित्रात थोडा अंधार लागतोच गं," ते म्हणाले, "नाहीतर त्यांना दिवा कळायचा कसा?"

त्या पुस्तकात आईची एक गोष्ट घ्यायची ठरली. एक मुलगी रोज भर मध्याह्नी कल्याणीवर, म्हणजे देवळामागच्या पायऱ्यांच्या तळ्यावर, साळुंकीला भात घालायला जाते. साळुंकी रोज एक पायरी खाली बसते, मुलगी रोज एक पायरी खाली उतरते. नेम एवढाच, की घास उजव्या हाताने द्यायचा. उजव्या हाताने दिला, तर पाखरू घास घेऊन आपल्या वाटेने जातं. डाव्या हाताने दिला, तर घास तिथेच राहतो आणि पाखरू देणारीलाच घेऊन जातं. सातव्या दिवशी शेवटची पायरी, पायाला पाणी लागलेलं. तरीही मुलगी विसरत नाही. इथे आई आम्हा दोघींचे उजवे हात आपल्या मुठीत घट्ट दाबायची. तो दाब म्हणजेच गोष्टीचा शेवट.

चित्रासाठी बसवलं अक्काला. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, तुळसा, दहा वर्षांची. कानामागे बटा, आणि वरचा ओठ नेहमी किंचित उचललेला, जणू आत्ताच काहीतरी चावट बोलणार आहे. मी तिच्याहून दोन वर्षांनी लहान आणि पोटात मत्सराचा निखारा. मलाही चित्रात घ्या म्हणून मी भोकाड पसरलं, तेव्हा काकांनी मला साळुंकी केलं. म्हणजे असं, की अक्काची नजर नेमकी ठरावी म्हणून मी खाली, पायरीच्या जागी उकिडवी बसायचं आणि ओंजळ पुढे धरायची. अक्का उभी. तिच्या उजव्या हातात भाताची चार शितं. दगड थेट घरी आणवला होता काकांनी, दोन माणसं लावून.

तीन दिवस ती बैठक चालली. अक्का कुरकुरायची, "साकु, काका! पुरे आता, हात मोडला माझा!" आणि मला डोळा मारून शितं ओंजळीत टाकायची, मी ती गुपचूप खाऊन टाकायची. काका मान वर करत, तिच्याकडे बघत, श्वास रोखत, आणि दगडावर एक रेघ ओढत. पुन्हा मान वर. देवांना त्यांनी आरशातून बघितलं. आपल्या पोरीला मात्र समोरून, डोळे भरून बघितलं. आरसा बाजूला भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो त्यांना आठवलाच नाही.

नमुन्याचा कागद छापून घरी आला तेव्हा आई चुलीपाशी होती. काका लहान मुलासारखे हरखले होते. आईने पदराला हात पुसून कागद घेतला, अन् तिचं तोंड उतरलं.

"भावजी, हा डावा हात कुणाचा?"

काका हसले, मग कागद बघून थिजले. चेहरा हुबेहूब, ओठ हुबेहूब, आणि घास पुढे करणारा हात डावा. गोष्टीतला नेम मोडलेली मुलगी शेवटच्या पायरीवर उभी होती आणि साळुंकी तिच्याकडे बघत होती. "उद्याच दुसरा दगड घेतो, वहिनी," काका म्हणाले. "असा छापू देणार नाही." आईने कागद देव्हाऱ्यामागे उलटा करून ठेवला.

तो उद्या आला नाही. त्याच आठवड्यात पेठेत उंदीर पडू लागले. ज्याने त्या काळचा प्लेग पाहिला आहे, त्याला या चार शब्दांपुढे काही सांगावं लागत नाही. छापखान्याला कुलूप पडलं, गल्ल्या ओस पडल्या, आणि आम्ही हिनकलच्या बाजूला रानात गवताच्या झोपडीत राहायला गेलो. माघातलं ऊन तिथे इतकं स्वच्छ, इतकं निःशब्द असे, की भीती वाटावी. पाचव्या दिवशी अक्काला ताप भरला. उजव्या काखेत गाठ आली. तो हात तिला उचलवेना.

झोपडीच्या दाराशी साळुंक्या येत. रानच ते, येणारच. एका दुपारी आई पेज घेऊन आत आली, तेव्हा अक्का भिंतीला टेकून बसली होती आणि ताटलीतली शितं दाराकडे टाकत होती. डाव्या हाताने. दुसरा उचलतच नव्हता, ती तरी काय करणार? पण आईच्या हातून पेजेचं भांडं निसटलं. शितं मातीत तशीच पडून होती, पाखराने एकही टिपलं नव्हतं. संध्याकाळच्या आत अक्का गेली.

आम्ही परत आलो तेव्हा सरकारी माणसांनी घर धुऊन चुना मारला होता आणि चटया, कपडे, कागद, हाताला लागेल ते सगळं जाळलं होतं. देव्हाऱ्यामागचा कागदही गेला. काका उंबऱ्याशी उभे राहिले. आईने त्यांच्याकडे न बघता सांगितलं, "तो दगड पुसून टाका. तिला नेलंत तेवढं पुरे झालं." काका तसेच छापखान्याकडे वळले. सुब्बण्णांनाही दगड दुसऱ्या कामाला हवाच होता. मी काकांच्या मागे मागे गेले, आणि छापखान्याच्या दारात उभी राहून बघितलं. दगडावर वाळू, वाळूवर पाणी, वर दुसरा जड दगड, आणि तो घर्र घर्र नाद. शाईचं काळं पाणी काकांच्या मनगटांवरून ओघळत होतं. त्या वेळी ते श्वास रोखत नव्हते. उलट, धापा टाकत होते.

आई त्यांच्याशी बोलेनाशी झाली. पानात वाढायची, पण मुकाट्याने. घराला जणू दातखीळ बसली. आणि मग, वर्ष सरता सरता, त्याहूनही भयंकर गोष्ट झाली. आईला अक्काचा चेहरा आठवेना. बटा आठवत, ओठ आठवे, पण सगळं मिळून तुळसा उभी राहीना. फोटो नव्हता, कोण काढतं तेव्हा पोरीबाळींचे फोटो! दुपारी आई मला समोर बसवायची, माझी हनुवटी धरून तोंड इकडे तिकडे वळवायची आणि माझ्यात तिला शोधायची. मी आईच्या डोळ्यांत बघत बसायची आणि मला वाटायचं, मी इथे नाहीच आहे. शेवटी हात सोडून ती म्हणायची, "मीच पुसायला लावलं गं."

एके दिवशी सुब्बण्णा स्वतः घरी आले, घामाघूम. त्या दगडावर उदबत्तीच्या पुड्याचं चित्र घेतलं होतं: चंदनाचं झाड, खाली उदबत्त्या, वर धूर. पहिले कागद नीट निघाले. मग धुरात काहीतरी दिसू लागलं. "रायरे, होगेयल्ली मगु इदे," ते पुटपुटले. राव, धुरात मूल आहे. काका जागचे हलले नाहीत. त्यांचा श्वास थांबला होता. मग ते आईकडे वळले. "वहिनी, तेलकट शाई दगडात खोल मुरली, की कधी कधी घासूनही वर येते. तुम्ही एकदा छापखान्यात चला."

आमच्या घरच्या बाईने छापखान्याची पायरी चढणं म्हणजे तेव्हा केवढी गोष्ट! आईने डोक्यावरून पदर घेतला, माझा हात धरला आणि निघाली. भर दुपार होती. काकांनी पुढे जाऊन दगडावरचं झाड आणि धूर धुऊन काढला होता. कोरा, फिकट, मुका दगड. त्यांनी फडकं पाण्यात बुडवलं आणि दगडावरून अलगद फिरवलं.

दगड ओला होत गेला तशी अक्का वर आली. आधी बटा, मग कपाळ, मग तो उचललेला ओठ. कुणी काढत नव्हतं, आपणहून येत होती. आईने बोट पुढे केलं, हाताच्या जागी.

"उजवा," काका म्हणाले. "दगडावर उजवाच आहे, वहिनी. मी उजवाच काढला होता. कागदाने उलटा केला."

पाणी वाळू लागलं, की अक्का पुसट होई. आईने काकांच्या हातून फडकं ओढून घेतलं आणि पुन्हा फिरवलं. पुन्हा वाळलं, पुन्हा फिरवलं. किती वेळ, कोण जाणे. सुब्बण्णा दाराकडे तोंड करून उभे होते. मग आई एकदम ढसाढसा रडली आणि म्हणाली, "भावजी, मी तुम्हाला उगाच जाळलं." काकांनी मान हलवली. तेही रडत होते, पण आवाज न करता.

चेहरा आता आईच्या डोळ्यांत पुन्हा बसला होता. दुसऱ्या दिवशी दगड पुन्हा घासला गेला, आणि या खेपेला वाळूवर पाणी आईने स्वतः घातलं. त्यानंतर अक्का कधी वर आली नाही. त्या संध्याकाळी आईने मला जवळ घेऊन साळुंकीची गोष्ट शेवटपर्यंत सांगितली. माझा उजवा हात तिने मुठीत दाबला, आणि दुसरी मूठ रिकामीच मिटली. काकांनी पुढे पुष्कळ चित्रं काढली, पण मूल कधी काढलं नाही. आरसा मात्र जपून ठेवला, भिंतीकडे तोंड करून.

आता काका नाहीत, आई नाही, छापखानाही नाही. तिकडे दगड फिरू लागला, की मी परसात येऊन बसते, आणि माझ्या मनात तो दुसरा दगड ओला होऊ लागतो. त्यात अक्काची नजर खाली लागलेली असते, आणि काकांनी ती नजर टिपली तेव्हा तिथे पाखरू नव्हतं. ओंजळ धरून मी बसले होते. घास मला मिळाला होता, तिच्या उजव्या हातचा. नेमाप्रमाणे साळुंकी घास घेऊन आपल्या वाटेने निघून गेली, लग्न केलं, पोरंबाळं वाढवली, म्हातारी झाली. देणारी मात्र अजून दहाच वर्षांची, शेवटच्या पायरीवर हात पुढे करून उभी आहे, आणि दगड वाळत चालला आहे.