उशीर : शून्य सेकंद

तिने घामेजलेले तळहात पँटला पुसले आणि पडद्याच्या कोपऱ्यातला आकडा पुन्हा वाचला. उशीर : शून्य सेकंद.

जंगलातल्या वणव्याचं गणित समुद्रापलीकडच्या मोठ्या संगणकावर चाले. आग कुठे सरकतेय याचं चित्र तिथून इथे यायला नऊ सेकंद लागत. ऑफिसात तिला ‘घाईबाई’ म्हणत ते काही उगीच नाही. वर्षभर डोकं फोडून तिने तो उशीर अर्ध्या सेकंदावर आणला होता. खरं चित्र येईपर्यंत इथल्याच यंत्राने मागच्या चित्रावरून पुढचं अंदाजाने काढायचं. दुधाची तहान ताकावर! पण ताक इतकं झकास जमलं, की ‘चित्र जुने आहे’ ही लाल पट्टी साहेबांनी काढायलाच लावली. डोळ्यांत खुपते म्हणाले. तिनेही खुशीत काढली.

आज तिचा धाकटा भाऊ बारा जणांना घेऊन त्याच वणव्यावर गेला होता. सकाळपासून तो फोनवर वाट विचारी आणि ती पडद्याकडे बघून सांगे. जीव नुसता टांगणीला लागला होता.

“शून्य!” साहेब मागून म्हणाले. “जिंकलंत की हो!”

समुद्र ओलांडायला उजेडालाही वेळ लागतो, मग शून्य कसं येईल? तिने नोंदी उघडल्या. पलीकडून शेवटचं चित्र आल्याला सव्वीस मिनिटं झाली होती. तेव्हापासून यंत्र आपल्याच अंदाजावर पुढचा अंदाज रचत होतं, त्यालाच ताजं चित्र समजून उशीर शून्य दाखवत होतं, आणि पडद्यावरची आग गुणी बाळासारखी उत्तरेकडे चालली होती.

फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

“ताई, आम्ही उरलेलेही नाल्याने उतरतो. तिकडे साफच आहे ना?”

“सांगा ना,” साहेब म्हणाले. “दिसतंय की सगळं.”

तिने अंदाज बंद केला. पडदा काळा झाला. साहेबांचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

“नको उतरू. मला इथे काही दिसत नाहीये रे,” ती म्हणाली. “अर्धा तास होत आला, काहीच दिसत नाहीये. तुझ्या डोळ्यांना काय दिसतंय ते बघ आणि तसं कर.”

पलीकडे तो त्याच्या माणसांना ओरडला, “थांबा रे, उतरू नका!”

“ताई,” भाऊ हळूच म्हणाला, “मग मघाशी पाच जणांना खाली पाठव म्हणालीस, ते काय बघून?”