कोरडा थर

नव्या रस्त्याच्या भरावाचा थर दुसऱ्यांदा नापास झाला आणि रोलरवाल्याचं तोंड एवढंसं झालं. लॅबवाल्या बाईंनी थरात खड्डा केला, निघालेली माती तोलली, थर किती टक्के घट्ट बसलाय त्याचा आकडा काढला नि मान हलवली. "एक्क्याण्णव. पंच्याण्णव लागतात."

"अहो, सोळा फेऱ्या मारल्यात मी!"

"उद्या दुपारी शेवटची तपासणी," इंजिनिअरसाहेब म्हणाले. "नापास झाली तर रोलरवर दुसरा माणूस बसेल." बावीस वर्षं रोलर चालवलेल्या माणसावर ही पाळी! त्याला रात्रभर झोप लागली नाही.

खरं सांगायचं तर दुखणं काय आहे हे त्याला पक्कं ठाऊक होतं. माती मुठीत दाबली की तिचा गोळा व्हायला हवा; ही पिठासारखी बोटांतून सांडत होती. कोरडी माती दाबून बसत नाही, तिला पाणी लागतं. पाणी कधी मारायचं ते रोलरवाल्याने टँकरवाल्याला हाक मारून सांगायचं, अशी तिथली रीत. आणि टँकरवाला होता त्याचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा.

दोघांत अकरा दिवस अबोला. का? तर सासुरवाडीला सगळ्यांसमोर साडू म्हणाला होता, "रोलर काय, पुढे-मागे, पुढे-मागे. त्याला डोकं कशाला लागतं?" झालं! तेव्हापासून आमचे हे शहाणे हाक मारायचं सोडून फेऱ्या वाढवत होते. आठाच्या बारा, बाराच्या सोळा. माती कसली त्याच्या रागाला भीक घालतेय!

सकाळी डबा देताना बायकोने सुनावलं, "रोलर हातचा गेला तर त्या रुसव्याचं काय लोणचं घालणार आहात?"

तो टँकरपाशी गेला. "पाणी पाहिजे," आभाळाकडे बघत म्हणाला.

"कुणाला?"

"थराला."

"मग थर येऊन मागेल."

घ्या! रोलरवाला तरातरा परत फिरला. चार पावलांवर थांबला. "साडूबुवा, मला पाहिजे. आज थर बसला नाही तर मी गेलो कामावरून."

साडूचं हसू मावळलं. "अहो, मग इतके दिवस काय मुहूर्त बघत होतात? मी रोज टँकर भरून उभा आहे, तुमच्या हाकेची वाट बघत!"

ग्रेडरच्या पात्याने थर उकरला, साडूने बेताने पाणी मारलं, पाणी मुरू दिलं. रोलरवाल्याने मूठ आवळली. गोळा झाला, छान झाला. मग आठच फेऱ्या. शेवटच्या फेरीला रोलरचा माग उमटेना.

"सत्त्याण्णव!" लॅबवाल्या बाई ओरडल्याच.

इंजिनिअरसाहेबांनी त्याचा हात हातात घेतला. "वा! काय रोलर चालवलात आज!"

साडू ऐकू येईल इतक्या जवळ उभा होता. अकरा दिवस रोलरवाल्याला नेमकं हेच हवं होतं, साडूच्या देखत. पण आता ते गळ्याखाली उतरेना.

"साहेब, रोलर मी कालही असाच चालवला होता," तो मोठ्याने म्हणाला. "थर पास केलाय तो आमच्या साडूंनी."

टँकरपाशी साडू मान खाली घालून नळ आवळत राहिला. नळ केव्हाचा बंद होता.