बेटावरचे नऊ किडे

निहारने हिंद महासागरातल्या त्या एवढ्याशा बेटावरून रीतसर परवानगी काढून आणलं काय, तर नऊ वाणी किडे! शेकडो पायांचे, बोटाएवढे जाड, काळेभोर. बेटावरचं रान हॉटेलासाठी तोडलं होतं. ही जात आता जगात बहुधा आपल्या सिल्व्हर पार्कमधल्या घराच्या गॅलरीतच उरलीय, असं तो हसत सांगायचा. दोन हजार पाचच्या पुराच्या आठवड्यात तो त्यांच्यासाठी कुजका पाला आणायला चेण्याच्या रानात गेला, गुडघाभर पाण्यातून. मग तापाने फणफणला आणि पंधरा दिवसांत गेला.

“माझा पोरगा खाल्ला त्यांनी,” सुचेताबाई म्हणाल्या आणि किड्यांच्या पेटीकडे पाठ फिरवली ती फिरवलीच. आईशी वाद कोण घालणार? निहारचे वडील काशीनाथराव टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. झुरळ मारण्यापलीकडे किड्यांशी संबंध नाही. पण तेच दर रविवारी चेण्याला जाऊन पाल्याची पिशवी भरून आणू लागले.

चार मेले, पाच तगले. जानेवारीत मातीत पिल्लं दिसली, पांढरी, तिळाएवढी. काशीनाथरावांनी निहारच्या ओळखीच्या, त्या बेटावरच्या प्राध्यापिकेला ईमेल केला. उत्तर आलं: इथे शोधूनही एक सापडत नाही, मी स्वतः न्यायला येते, तोवर जगवा. काशीनाथरावांना रडू आवरेना. पोराचं काहीतरी मागे राहणार होतं.

सुचेताबाईंनी ते उत्तर दोनदा वाचून घेतलं. मग सहा महिन्यांत पहिल्यांदा पेटीत डोकावल्या. “केवढुशी आहेत हो,” म्हणाल्या.

पुढच्या रविवारी काशीनाथराव पाला घेऊन दुपारी परतले. पेटी उघडली. पाचही किडे मातीवर सैल, लांबलचक पडले होते. बोट लावलं तरी एकानेही वेटोळं केलं नाही. पिल्लं तर दिसेनातच. पेटीच्या कडेने, आतून, जाड पांढरी रेघ होती आणि तिची भुकटी पाल्यावर सांडलेली.

सुचेताबाई पदराला हात पुसत आल्या.

“तुम्ही गेलात आणि मुंग्या लागल्या पेटीला. पिल्लं खातील म्हणून जीव नुसता वरखाली झाला. मुंग्या मारायचा खडू ओढला, आतून-बाहेरून, दोनदा. एक मुंगी नाही बघा आता. कसे शांत झोपलेत. बरं केलं ना?”

काशीनाथरावांनी झाकण लावलं. पाल्याची पिशवी पेटीशेजारी ठेवली.

“बरं केलंस,” ते म्हणाले.

“आणि त्या बाई येतील ना, त्यांना जेवायला काय करू हो?”