कमरेतला खांब

मी एक पियानो बोलतोय. भिंतीला पाठ लावून उभा राहतो तो नव्हे. तीन पायांवर आडवा पसरलेला, एका अंगाला कमरेसारखा बाक असलेला, ग्रँड पियानो म्हणतात तो. झाकण उभारून वाजवलं तर माझा आवाज रस्ता ओलांडून समोरच्या घरात जातो. जातो म्हणजे, जायचा. स्वतःचं एवढं कौतुक ऐकून तुम्ही हसाल. पण ज्याला कित्येक वर्षांत कोणी अख्खं पाहिलेलंच नाही, त्याने स्वतःचं वर्णन स्वतःच करायला नको का?

माझा जन्म थंड मुलखातला. तिथल्या कारखान्यात माझं लाकूड वाळवलं, वाकवलं, पोटात जड लोखंडी चौकट बसवली आणि तिच्यावर तारा ताणल्या. मग बोटीत घालून मला हवानाला पाठवलं. या घराचा जिना अरुंद, म्हणून दोरांनी बांधून बाल्कनीतून वर घेतलं. खाली सगळी गल्ली जमली होती. एक बाई छातीवर क्रूस काढत होती आणि एक गृहस्थ कोणी न विचारता सूचना देत होते. हवेत लोंबकळताना मी गोल फिरलो आणि मला लांबवर समुद्र दिसला. तो मला पुन्हा दिसणार नव्हता, हे तेव्हा कुठे ठाऊक होतं!

माझी पहिली मालकीण ओर्तेन्सिया. ती पियानो शिकवायची. उंच छताची ही खोली तेव्हा मोकळी होती आणि माझं झाकण दिवसभर उभं असायचं. ओर्तेन्सियाचा जीव दान्सोनवर. हा नाच तुम्ही पाहिलेला नसेल. त्यात जोडपी मध्येच थांबतात, जागच्या जागी उभी राहून पंख्याने वारा घेतात, ओळखीच्यांकडे पाहून हसतात आणि ठराविक सुरावर पुन्हा नाचू लागतात. नवखे शिकाऊ त्या थांबण्यात घाई करायचे. ओर्तेन्सिया त्यांच्या बोटांवर चापट मारून म्हणायची, "थांब रे, घोड्या! बायकांना घाम तरी पुसू दे!"

ती म्हातारी झाली, अंथरुणाला खिळली. तिची शुश्रूषा करायला खालच्या मजल्यावरची एदेल्मिरा वर राहायला आली. म्हातारी गेल्यावर खोली एदेल्मिराची झाली आणि खोलीबरोबर मीही. तिला वाजवता येत नव्हतं, पण तिने मला जीव लावला. पावसाळ्यात ओल धरू नये म्हणून ती माझ्या पोटात विजेचा एक छोटा दिवा पेटता ठेवायची. वीज गेली की सगळ्यांना उकाड्याची काळजी आणि हिला माझी. नवरा एवारिस्तो चिडवायचा, "मला सर्दी झाली तेव्हा नाही दिवा लावलास!"

हा एवारिस्तो मोठा उत्साही माणूस. मुलगी झाली, जागा अपुरी पडू लागली, तेव्हा त्याने ठरवलं की खोलीच्या मधोमध पोटमाळा बांधायचा. हवानात हे घरोघरी चालतं. छतं उंच, माणसं फार, तेव्हा एका खोलीच्या दोन करायच्या. पण त्या काळात सिमेंट डोळ्यांना दिसत नसे. एके सकाळी कुठूनशी पोती मिळाली आणि तीही दमट, एक दिवस ठेवली तर दगड होणारी. एवारिस्तोने चार मित्र गोळा केले आणि कामाला लागला. मला हलवायला वेळच नव्हता. उलट माझ्यावर फळ्या टाकून, त्यांच्यावर उभं राहून त्यांनी तो पोटमाळा ओतला. माळ्याच्या बऱ्याच खाली आडवा आधार म्हणून ट्रामच्या जुन्या रुळाचा तुकडा घातला, तो नेमका माझ्या झाकणाच्या एका कडेवर वीतभर अंतराने आला. खांबाला जागा सापडेना, तर एवारिस्तोने तो माझ्या कमरेच्या बाकात उभा केला.

"बघ, कसा मापाने शिवल्यासारखा बसलाय!" तो बायकोला म्हणाला.

"आणि याला बाहेर कसा काढायचा?"

"बाहेर? बाहेर कशाला काढायचा? घरातला आहे तो!"

सगळे हसले, रम प्याले. सिमेंट वाळलं आणि मी अडकलो. डोक्यावर रूळ, कमरेत खांब, पायाशी माळ्यावर जाणारा जिना. झाकण वीतभर उठतं आणि रुळावर आपटतं. तेव्हापासून मी वाजलो तरी गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखा. शेजारची पोरं कधीमधी वाजवायची, तेही हळूहळू बंद झालं आणि माझ्यावर तांदळाचे डबे, इस्त्रीचे कपडे, एवारिस्तोचा रेडिओ अशी बिऱ्हाडं आली. पुढे एवारिस्तो गेला. रेडिओ अजून आहे. तोही बिचारा बंदच.

आता त्यांची मुलगी यानेत माळ्यावर नवऱ्याबरोबर राहते. एदेल्मिरा खाली, माझ्या शेजारी घडीच्या खाटेवर. यानेतला दिवस गेले आणि पाळण्याचा प्रश्न उभा राहिला. वर जागा नाही, खाली मी. जावई ओस्मानी एक दिवस डोकं खाजवत म्हणाला, "सासूबाई, रागावू नका. पण या घरात सगळ्यात मोठी जागा जो अडवून बसलाय, तो भाडंही देत नाही आणि भांडीही घासत नाही."

एदेल्मिराने माझ्यावरचा एक डबा उचलून पदराने पुसला. मग म्हणाली, "विकायचा असेल तर वाजवणाऱ्यालाच. खाटिकाला मांस तोडायचा ओटा करायला नाही."

ओस्मानीने जाहिरात दिली. मला झोप कुठली! बाहेर जायचं, या एकाच विचाराने माझ्या तारा ताठ झाल्या.

जाहिरात वाचून सोराइदा नावाची बाई लांबच्या मातान्सास शहरातून आली. पन्नाशीची, ठेंगणी, चष्मा गळ्यात लोंबणारा, हातात हत्यारांची पिशवी. दान्सोन वाजवणाऱ्या ताफ्यात ती पियानोवर असते, हे तिने कॉफीचा पहिला घोट घ्यायच्या आत सांगितलं. दान्सोन!

जुना पियानो कसा पारखतात, ते तिच्याकडून शिकावं. आधी तिने मला वाजवलंच नाही. वाकून वास घेतला, ओलीचा आहे का पाहायला. मग बॅटरी घेऊन माझ्याखाली पाठीवर झोपली आणि स्वर घुमवणाऱ्या पातळ फळीला तडा गेलाय का, वाळवीची माती आहे का, ते बोटाने चाचपलं. पट्ट्यांची अख्खी चौकट पुढे ओढून तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांची लोकर तपासली. तारांच्या खुंट्या किल्लीने किंचित पिळून त्या घट्ट आहेत का पाहिलं. आणि शेवटी डावीकडून उजवीकडे एकेक पट्टी दाबत गेली. मी जीव तोडून वाजलो. एवढ्या वर्षांत बेसूर झालो होतो, पण एकही तार घरघरली नाही.

"कमाल आहे!" सोराइदा म्हणाली. "समुद्र इतका जवळ, आणि गंज नाही? काय करता काय तुम्ही याला?"

एदेल्मिरा लाजली. "काही नाही हो. पोटात दिवा ठेवते."

"दिव्यानेच वाचवलाय. पैसे द्यायला माझी ना नाही." मग सोराइदाने झाकण उचललं. टक्क! तिने वर रुळाकडे पाहिलं, खांबाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि चष्मा काढला. "पण हा बाहेर निघणार कसा?"

"आला तसाच," ओस्मानी ऐटीत म्हणाला. "बाल्कनीतून."

"अहो, बाल्कनीपर्यंत जाईल तेव्हा ना! याला पाय काढून कुशीवर कलंडवायलाच जागा नाही. पोटमाळा याच्यावर नाही बांधलेला, याच्याभोवती बांधलाय. खांब काढला तर तुमची बायको खाटेसकट खाली येईल."

माळ्यावरून यानेतचा आवाज आला, "मी सगळं ऐकतेय हं!"

कोणी हसलं नाही. सोराइदा स्टुलावर बसली. आपल्या पियानोची हकिगत तिने सांगितली. त्याच्या जाड तारा तुटल्या आहेत. नव्या मिळत नाहीत, म्हणून टेलिफोनची तार लावून भागवतात. हातोड्यांना कसर लागली आहे. "खरं सांगू? अख्खा नेता येत नसेल तर मी सुटा नेते. तारा, हातोड्या, खुंट्या. माझा पियानो जिवंत होईल. लाकूड तुम्हाला राहील. पाळणा होईल छान."

तुम्हाला वाटेल, मी घाबरलो असेन. घाबरलो, अगदी क्षणभर. मी जितका चांगला वाजलो, तितके माझे तुकडे मोलाचे ठरले होते. पण मग मला मातान्सासचं ते सभागृह दिसू लागलं. उघड्या खिडक्या, उभं झाकण, वारा घेत थांबलेली जोडपी. दुसऱ्याच्या अंगात का होईना, माझ्या तारा तिथे मोकळ्यावर वाजणार होत्या. या खांबाला मिठी मारून अख्खं राहण्यात कसलं सुख? मी मनापासून हो म्हटलं. तोडा मला. लवकर तोडा.

माझं हो कोणाला ऐकू येणार?

सोराइदाने पिशवीतून पेचकस काढला आणि पहिला स्क्रू फिरवला. तो फिरताना करकरला. इतक्यात एदेल्मिराने तिचा हात धरला.

"नको. थांबा. नको हो." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. "एवारिस्तो म्हणायचा, घरातला आहे तो. घरातल्याचे तुकडे करतात का कुणी?"

"सासूबाई," ओस्मानी हात जोडून म्हणाला, "मग पाळणा काय माझ्या डोक्यावर ठेवू?"

"तुझ्या कशाला? याच्या ठेव!" तिने माझ्या झाकणावर जोरात थाप मारली. "सपाट आहे, भक्कम आहे. आणि पाळणा घसरू नये म्हणून कडेला तो रूळ आहेच."

यानेत जिन्याने सावकाश खाली आली आणि आईला बिलगली. ओस्मानीसुद्धा नाक पुसू लागला. सगळ्यांना हायसं वाटलं. त्यांनी मला वाचवलं होतं ना! मी त्या तिघांच्या मध्ये मुका उभा होतो. इतकं प्रेम करणाऱ्या माणसांवर रागावायचं तरी कसं? पण त्या दिवशी मी रागावलो, खोटं कशाला सांगू?

सोराइदाने स्क्रू पुन्हा पिळला आणि पिशवी आवरली. तिचा पडलेला चेहरा एदेल्मिराला बघवेना. "इतक्या लांबून आलात. रिकाम्या हाताने जाऊ नका. काहीतरी एक घ्या याचं. एकच. पैसे नकोत."

सोराइदाने विचार केला. मग डाव्या हाताकडची, तांबं गुंडाळलेली एक जाड तार तिने निवडली. "ही नाही म्हणून माझा डावा हात लंगडतो," ती म्हणाली. खुंटी सैल केली, वीतभर फटीतून खांद्यापर्यंत हात आत घातला आणि तार आकड्यातून सोडवली. वेटोळं करून रुमालात बांधली आणि ती बाल्कनीपाशी उभी राहून गाडीवाल्याला हाक मारू लागली. रुमाल तिच्या हातातच होता. तिथून समुद्र दिसतो.

आता माझ्यावर बाळ वाढतंय. नाइलेन तिचं नाव. पाळण्याचे दिवस संपले, तरी ती दुपारी माझ्या झाकणावरच झोपते. तिच्या अंगाची ऊब मला खालपर्यंत कळते आणि ती मला आवडते, हेही खरं. दिवा अजून पेटता असतो. खांबही आहे तिथेच आहे.

तुमच्या घरी माझ्यासारखं कोणी असेल तर त्याला जपा, पुसा, त्याच्या पोटात दिवा ठेवा. पण त्याच्याभोवती काही बांधायच्या आधी एकदा विचारा, बाबा रे, तुला कुठे जायचंय का?

जाग आली की नाइलेन खाली उतरते आणि एकेक पट्टी दाबत बसते. परवा डावीकडच्या त्या पट्टीपाशी आली. दाबली. नुसती ठक्क.

"आजी, हिला काय झालं? ही का बोलत नाही?"

एदेल्मिरा तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "ती होय? ती मातान्सासला गेली. नाचायला."

तेव्हापासून ती पोर बाकीच्या पट्ट्यांना हातच लावत नाही. तीच एक पट्टी पुन्हा पुन्हा दाबते आणि कान देऊन ऐकते. मीही ऐकतो.