शतावरीची पूड

“अगं सुमैरा, बघ तरी! जांभळा रंग औषधालासुद्धा उरला नाही!” परीक्षानळी खिडकीच्या उजेडात धरून प्रियदर्शनी मॅडम लहान मुलीसारख्या हसत होत्या.

शरीराला आतून गंज चढू न देण्याची ताकद एखाद्या मुळीत किती, ते या जांभळ्या द्रावणावरून कळतं. अर्क जितका जोरकस, तितका रंग उडतो. कोयनेच्या रानातून आणलेल्या सुमैराच्या शतावरीने तर त्याचा पार फडशा पाडला होता. पुण्याच्या परिषदेला सांगलीच्या त्यांच्या कॉलेजातून एकीलाच जायचं होतं. मॅडमनी जागच्या जागी सुमैराचं नाव घेतलं. मिरजेच्या गल्लीतल्या पोरीला आणखी काय हवं?

ती हात धुवायला गेली. पूड लागलेल्या बोटांना साबण लागला आणि फेस लालसर झाला. असा लाल रंग हळदीला साबण लागला की येतो, कपडे धुणाऱ्या कुणालाही विचारा. सुमैराने पुन्हा साबण लावला; पुन्हा लालच. मुळ्या दळल्या होत्या तिच्या अब्बांनी, रसूलभाईंनी, ते कामाला होते त्या हळदीच्या गिरणीत. लेकीसाठी त्यांनी गिरणी खोलून, झाडून, पुसून घेतली होती. पण हळद ती हळद, सहजी थोडीच सुटते? रंग उडवला होता तो शतावरीने नव्हे, त्या हळदीने.

फेस कुणी पाहिला नव्हता. गप्प बसली असती तरी चाललं असतं. पण सुमैरा तशीच ओल्या हातांनी मॅडमसमोर जाऊन उभी राहिली.

“मॅडम, पुडीत हळद मिसळलीय. हळदीच्या गिरणीत दळली होती.”

“अगं, कुणी दळली?”

“चूक माझी आहे, मॅडम. मीच तिथे नेल्या मुळ्या.”

उरलेल्या मुळ्या तिने खलबत्त्यात कुटल्या, तळहाताला फोड येईतो. नव्या अर्काने रंग जरासा फिका केला, बस्स. तेच आकडे तिने न डगमगता मॅडमच्या हाती दिले. पुण्याला वर्गातल्या संयोगिताचं नाव गेलं. सुमैराच्या या हिमतीला सलाम करावा तेवढा थोडा.

रात्री जेवताना, परिषदेची आस लावून बसलेल्या रसूलभाईंनी विचारलं, “कवा निघायचं गं पुण्याला?”

“न्हाई जायचं, अब्बा. शतावरीत तेवढी ताकद न्हाई निघाली.”

त्यांचा घास हातातच राहिला. “माजंच चुकलं बग. गिऱ्हाईक खोळंबलं व्हतं, घाईत दळली. बारीक झाली नसंल, व्हय?”

सुमैराने भाकरीची टोपली जवळ ओढली.

“न्हाई अब्बा, लय बारीक व्हती,” ती म्हणाली, आणि त्यांच्या ताटात अर्धी भाकरी वाढली.