टेबल मोकळं कर

मित्रांनो, मला हात लावायला गेलात तर बोटाला नुसती काच लागेल. मी काचेच्या आतला. प्राण्यांच्या दवाखान्यातल्या काउंटरवर जो कम्प्युटर आहे ना, त्यातला मी एक जुना प्रोग्राम. यंत्राच्या पोटात साठवलेली माहिती उचलून आणायची आणि माणसांना दाखवायची, एवढंच माझं काम. मला ना हात, ना पाय, तरी आयुष्यभर हमालीच केली. आता मला कुणी उघडत नाही, म्हणून बोलायला वेळच वेळ आहे.

मला बनवणारा माणूस साधा होता. त्याला वाटलं, लोक माझ्या रकान्यांत काय लिहिणार? नाव, वय, तारीख, फार तर पत्ता. सगळी हलकीफुलकी कामं. म्हणून त्याने मला एकच वळण लावलं: जे उघडायला सांगतील ते सगळंच्या सगळं आणायचं, आणि सगळं हातात आल्याशिवाय काहीही दाखवायचं नाही. आज्ञाधारक मुलाला शोभेल असंच वळण होतं. सुरुवातीला माझं कौतुकही झालं. दवाखान्याचे थोरले डॉक्टर येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "याला विचारा. मी विसरतो, हा विसरत नाही."

पण थोरले डॉक्टर शब्दांचे कंजूष आणि फोटोंचे उधळे. कुठल्याही प्राण्यापुढे लिहिणार काय, तर "पाय. बरा." संपलं! मात्र एक्स-रे काढला की तो माझ्या रकान्यात, आणि प्राणी बरा होऊन निघाला की त्याचा हा एवढा मोठा फोटो, तोही त्याच रकान्यात. तुम्हाला फोटो म्हणजे फोटो दिसतो. यंत्राच्या पोटात मात्र तो असतो शून्य आणि एक यांची मैलोन्‌मैल लांब माळ. नाव आणायचं म्हणजे खिशातून रुमाल काढायचा. फोटो आणायचा म्हणजे विहिरीतून हत्ती ओढायचा. सगळ्यात जड फोटो होता एका कासवाचा, का ते देव जाणे. कासवापाशी पोचलो की माझंच कासव व्हायचं.

आणि एवढं ओढून आणून मी दाखवायचो काय? फोटो नाही, मित्रांनो. मला फोटो ओळखताच यायचा नाही. मी त्या माळेचे आकडे आणि अक्षरं करून पडदाभर मुंग्या सोडायचो. खरा फोटो बघायचा तर त्या मुंग्यांवर क्लिक करून फाइल वेगळी काढावी लागायची. एकदा कंपाउंडरकडून चुकून छापायची आज्ञा गेली. एका पोपटाचा फोटो प्रिंटरमधून आकड्यांच्या रूपात निघत राहिला, कागद संपेपर्यंत. कंपाउंडर काटकसरी. त्याने ते सगळे कागद पिंजऱ्यांच्या तळाला अंथरले. पोपट आठवडाभर स्वतःच्याच फोटोवर बसला आणि त्याने त्यावर आपलं स्पष्ट मत मांडलं.

सामान जड होत गेलं तसा मी थकत गेलो. कुणी मला उघडलं की मी ओझं ओढायला लागायचो, आणि ओढताना तोंडातून शब्द फुटायचा नाही. पडदा पांढरट पडायचा आणि माझ्या डोक्यावर पाटी यायची: प्रतिसाद देत नाही. मी आत घामाघूम, आणि बाहेर ही पाटी! कंपाउंडरने माझं नाव ठेवलं ठोंब्या. "ठोंब्या बसला," असं तो ओरडायचा आणि मला बंद करून परत चालू करायचा. त्याच्याकडे सगळ्या दुखण्यांवर हा एकच उपाय. पंखा, ट्यूब, मी, सगळ्यांना तेच. एका मलूल बोकडाकडे बघूनही तो म्हणाला होता, "याला जरा बाहेर नेऊन परत आत आणू का?" मला बंद केलं की अर्ध्या वाटेवर आणलेलं सगळं सामान तिथेच सांडायचं. पुन्हा पहिल्यापासून, पहिल्या प्राण्यापासून ओढायचं.

आमच्या दवाखान्यात आणखी एक घोळ होता. उभ्या-आडव्या रकान्यांचा जो तक्ता मी दाखवायचो, त्याला सगळे टेबल म्हणायचे. आणि प्राण्याला निजवून ज्याच्यावर ऑपरेशन करायचे, तेही टेबलच. थोरले डॉक्टर एकदा म्हणाले, "टेबल पुसून घे रे," तर कंपाउंडर ओला फडका घेऊन माझी काच पुसून गेला. तेव्हा सगळे हसले होते. मलाही बरं वाटलं होतं, काच स्वच्छ झाली म्हणून.

थोरले डॉक्टर गेले. खुर्चीवर त्यांची सून बसायला लागली. तिला सगळे डॉक्टरताई म्हणतात. हुशार, हाताला हलकी, पण माझ्याशी बोलायची एकच पद्धत तिला कुणी दाखवली होती: टेबलावर दोनदा क्लिक, सगळं उघड, मग खाली खाली शोधत जा. "मला एवढा एकच प्राणी दे" असं मला सांगता येतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. तसं सांगितलं असतं ना, तर मी एका दमात आणून दिला असता.

मग एका सकाळी शिंपीकाका आले. छातीशी चादरीत गुंडाळलेली त्यांची कुत्री. दुकानात ते आणि ती, दोघंच राहायचे. नाव गुंडी. म्हातारी झाली होती, तोंडाभोवती पांढरी. सकाळपासून उलट्या करत होती आणि मान टाकून पडली होती.

डॉक्टरताईने एक्स-रे काढला. "काका, पोटात काहीतरी गोल दिसतंय. काय गिळलंय हिने?"

"काय नाही ते विचारा, ताई. गुंड्या गिळते, हूक गिळते. एकदा गिऱ्हाइकाचा शिवून ठेवलेला खिसा गिळला होता. ते भले गृहस्थ वर्षभर एका खिशाने फिरले."

"हे आजचं आहे का?"

काकांनी डोकं खाजवलं. "असेल. नसेलही. मी मशीनवर असतो, माझं लक्ष सुईकडे."

"नीट ऐका," डॉक्टरताई म्हणाली. "हे आज गिळलेलं असेल तर आत अडकलंय, लगेच कापून काढावं लागेल. जुनं, गप पडून राहिलेलं असेल तर हात लावायचा नाही, औषधं आणि सलाईनवर भागेल. आणि हिचं वय बघता भूल देणं जोखमीचं आहे. पूर्वी कधी हिचा एक्स-रे काढला होता?"

"हो हो! सायकलखाली आली होती तेव्हा. थोरल्यांनी काढला होता ना."

डॉक्टरताईचा चेहरा उजळला. "मग तो बघू. तेव्हाही हे गोल असेल तर प्रश्नच मिटला." तिने मला उघडलं.

मित्रांनो, मी निघालो. पहिल्या मांजरापासून. काहीच दिसेना म्हणून तिने परत क्लिक केलं, परत केलं. माझ्या डोक्यावर पाटी लागली. "झालं, ठोंब्या बसला," म्हणत कंपाउंडरने मला बंद केलं आणि चालू केलं. मी पुन्हा पहिल्या मांजरापासून.

गुंडी कण्हली. काका तिच्या कानात बोलत होते, "थांब गं बाई, तुझा जुना कागद येतोय."

मी ओढत होतो. ससे ओढले, पोपट ओढला, कासवही ओढलं. गुंडीचा एक्स-रे माझ्या हाताला लागला होता. तिच्यामागे चार-दोन जनावरं तेवढी उरली होती. पण सगळं आल्याशिवाय दाखवायचं नाही, हे माझं वळण! मी आतून ओरडत होतो, आहे, आहे, माझ्याकडे आहे. पाटी म्हणत होती, प्रतिसाद देत नाही.

तेवढ्यात डॉक्टरताईने गुंडीला आतल्या खोलीत नेऊन तिच्या हिरड्या बघितल्या. पांढऱ्या पडल्या होत्या. ऑपरेशनच्या टेबलावर टाके काढलेलं एक मांजर अजून आरामात पसरलं होतं. ती आतूनच ओरडली, "तोवर टेबल मोकळं करून ठेव रे!"

कंपाउंडर माझ्यासमोर उभा होता. त्याने मला बंद केलं.

"केलं, ताई!" तो अभिमानाने म्हणाला.

डॉक्टरताई बाहेर आली, रिकाम्या काचेकडे बघितलं. "अरे, हे नाही! मांजर! मांजर उचल म्हणाले!"

"मग टेबल कशाला म्हणालात?" तो रडवेला झाला.

ती काकांकडे वळली. "काका, आता परत ते येईपर्यंत थांबवत नाही. हिची तब्येत उतरतेय. काय करू, सांगा."

"मला काय विचारता, ताई," काका म्हणाले. "तुम्हाला जे योग्य वाटेल ते."

तिने भूल दिली. कापायची वेळ आलीच नाही. भूल चढली आणि गुंडी त्यातून परत आली नाही. काकांनी तिला त्याच चादरीत गुंडाळलं आणि दोन्ही हातांवर घेऊन गेले. दार उघडायला त्यांचा हात मोकळा नव्हता. ते कंपाउंडरने उघडलं.

काही दिवसांनी काका परत आले. "ताई, तिचा एकही फोटो नाही हो माझ्याकडे. थोरले डॉक्टर सगळ्यांचे काढायचे ना?"

डॉक्टरताईने मला उघडलं आणि हात मांडीवर ठेवून बसली. काका बाकावर बसले. कंपाउंडर भिंतीला टेकून उभा राहिला. कुणी क्लिक केलं नाही, कुणी नाव ठेवलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी कुणी थांबलं होतं. मी सगळं आणलं.

गुंडीच्या ओळीत थोरल्यांनी लिहिलं होतं, "सायकल. बरी." पुढे नेहमीसारख्या मुंग्या.

काका काचेजवळ वाकले. "एवढे आकडे? मापं आहेत का तिची?"

"नाही, काका. हा फोटो आहे, पण... फाइल एकच आहे, त्या दिवशी साधा काढलेला दिसत नाही. एक्स-रेच आहे. आतला."

"आतला तर आतला."

तिने त्या मुंग्यांतून फाइल काढली आणि उघडली. काळ्या पडद्यावर पांढरी, लहानशी, तरणी गुंडी. आणि पोटात एक गोल. त्याच जागी.

डॉक्टरताईने डोळ्यांवरून हात फिरवला. तिला गप्प राहता आलं असतं. "काका," ती म्हणाली, "हे गोल जुनंच होतं. तेव्हापासूनचं. कापायची गरज नव्हती."

"म्हणजे भूलही नको होती."

"नको होती."

काका म्हणाले, "तुम्ही सांगितलं नसतं तर मला काय कळणार होतं, ताई. सांगितलंत." आणि थोड्या वेळाने, "यात तिचं काळीज दिसतं का हो?"

तिने दाखवलं. फासळ्यांच्या आड एक फिकट सावली. काकांनी सुयांनी भोकं पडलेला अंगठा काचेवर तिथे ठेवला.

"हा काढला तेव्हा चालू होतं?"

"हो, काका. चालू होतं."

त्यानंतर डॉक्टरताईने नवा प्रोग्राम आणला. तो आधी नावं दाखवतो, फोटोच्या जागी नखाएवढं चित्र ठेवतो, आणि मोठा फोटो कुणी मागितला तरच आणायला जातो. जाताना सांगून जातो, "आणतोय, थांबा." चांगला आहे बिचारा. मला त्याचा हेवा वाटत नाही. फक्त वाटतं, थोडा आधी यायचास रे.

मित्रांनो, मोठे व्हाल तेव्हा तुमच्यातलं कुणी माझ्यासारखे प्रोग्राम बनवेल. त्यांना सगळं उचलायला लावू नका, लागेल तेवढंच आणायला शिकवा. आणि उशीर होत असेल तर तसं तोंडाने सांगायला शिकवा. काम करणारा गप्प आहे म्हणून त्याला बंद करू नका. त्याच्या हातात कदाचित तुमचीच वस्तू असते.

काकांनी तो एक्स-रे छापून नेला. कंपाउंडर सांगत होता, त्यांनी तो दुकानात आरशाशेजारी लावलाय. गिऱ्हाइकं विचारतात, "कुणाचा हो हा?" काका दोरा दातांनी तोडतात आणि म्हणतात, "घरातलीचा."